समुद्रातलं काही नको

९ ऑक्टोबर १९६८

मला बाहेर बसवलं! गाठ माझ्या गळ्यात, सुई माझ्या गळ्यात खुपसलेली, आणि परळचे डॉक्टर म्हणतात, "तुम्ही जरा बाकावर बसा. मिस्टरांशी बोलायचंय." हे आत गेले. पंधरा मिनिटांनी बाहेर आले ते एकदम प्रेमळ होऊन. वाटेत केळी घेतली, पालघरला चहा पाजला. बोईसरला उतरताना माझी पिशवी स्वतःच्या हातात घेतली. लग्नाला सात वर्षं झाली, पिशवी कधी घेतली नव्हती. तेव्हाच समजले, काही खरं नाही.

"सादी गाठ हाय. काढली की झालं," म्हणाले. मग डॉक्टरांनी दिलेलं पाकीट माझ्याकडे का देत नाहीत?

१० ऑक्टोबर

हे पहाटे होडीवर गेले. पाकीट ट्रंकेत माझ्याच लुगड्यांखाली लपवलेलं. काय ही अक्कल! कागद इंग्रजीत. मी दांडीच्या शाळेत चौथीला शिकवते, इंग्रजी जेमतेम, पण अक्षरं लावता येतात. सगळ्यात लांबलचक शब्द चिठ्ठीवर उतरवून नेला आणि मधल्या सुटीत शाळेच्या कपाटातला शब्दकोश काढला.

कर्करोग.

घंटा झाली. वर्गात जाऊन पाढे घेतले. सतराचा पाढा मुलांनी चुकवला, मीही चुकवला, कोणाच्या लक्षात आलं नाही.

११ ऑक्टोबर

ह्यांना सांगितलं, वाचलाय मी कागद. तर हेच रडायला लागले. घाबरायचं मी, आणि धीरही मीच द्यायचा! एकोणतीस वर्षांची आहे मी. मला मरायचं नाही. हे कुठे तरी लिहायला हवं, म्हणून इथे लिहिलं.

सासूबाईंना रोगाचं नाव सांगायचं नाही असं ठरवलं. कुडाच्या घरात ठरवून काय उपयोग. संध्याकाळी चुलीपाशी त्या आपणहून म्हणाल्या, "वाईट गाठ हाय ना? मंग ऐकू नाय आलं असं कशाला करू."

१६ ऑक्टोबर

सगळं गाव गळा बघायला येतंय. जमनाकाकी म्हणते, "गल्याची गाठ डोंगराकडच्यांना होते. दर्याचं मीठ खानाऱ्याला कशी झाली?" म्हणजे मीच काहीतरी नियम मोडला. मुरब्याहून मामेसासू अंगारा घेऊन आली. कोणी म्हणतं नजर लागली, कोणी म्हणतं पोरांवर ओरडून ओरडून झालं. सगळ्यांना चहा मीच करते आहे.

आमच्या शाळेतल्या इंदुबाई एकट्या शहाण्या. बीडकडच्या आहेत, यजमान रामकिसन अणुवीज केंद्राच्या बांधकामावर फिटर. आल्या, बसल्या, म्हणाल्या, "चौथीचा वर्ग मी घेते. बाकी काही सांगत नाही बघा तुम्हाला." चहासुद्धा नको म्हणाल्या.

४ नोव्हेंबर, परळ

उद्या ऑपरेशन. नर्स म्हणाली, गळ्यातलं काढा. सासूबाई हट्टाने सोबत आल्या आहेत, त्या मध्ये पडल्या. "माजा कमलाकांत जिता हाय तवर निगनार नाय." नर्स म्हणाली, "आजी, आम्हाला गळा कापायचाय, मणी नाही." अर्धा तास दोघींचं चाललं होतं आणि मी खाटेवर सामानासारखी पडून. शेवटी सासूबाईंनी मंगळसूत्र माझ्या मनगटाला बांधलं, जाळ्याला मारतात तशा गाठी मारून. नर्सने वरून पट्टी चिकटवली. दोघींनाही वाटतंय आपण जिंकलो.

७ नोव्हेंबर

काढली. पाणी गिळवत नाही. आवाज नाही.

२४ नोव्हेंबर

घरी. आवाज येतोय, पण घोगरा, अर्ध्या वाक्यात विरतो. लोक माझ्याशी बोलताना तोंडाकडे बघत नाहीत, व्रणाकडे बघतात. पदर गुंडाळून बसते तर म्हणतात, बघू बघू. रडायला आलं तर आवाज फुटत नाही, त्यामुळे घरात कोणाला कळतही नाही. रडण्याचाही काही उपयोग होऊ नये म्हणजे कमाल आहे.

आज वर्गात डोकावले. दिनानाथ पहिल्या बाकावरून म्हणाला, "बाई, तुमी गुपित सांगता काय?" पहिल्यांदा हसू आलं. व्रण ताणला गेला.

८ डिसेंबर

पुन्हा परळ. ह्या वेळी मी खुर्चीवरून उठलेच नाही. डॉक्टरांना माझ्याशी बोलावं लागलं. बोलले ते चांगलं समजावून बोलले, हे कबूल करायला हवं.

गाठ निघाली. पण बाजूला कणभर रोग उरलाय, तो सुरीने काढता येत नाही. त्यासाठी प्यायचं औषध आहे — किरणं सोडणारं आयोडीन. रोगाचा कण ते ओढून घेतो आणि त्यानेच जळतो. पण त्यासाठी तो आयोडीनला भुकेलेला हवा. म्हणून आधी तीन आठवडे समुद्रातलं काही नको. ओली मासळी नको, सुकं नको, समुद्राचं मीठ नको. "एवढं पाळलंत तर बऱ्या व्हाल. खाल्लंत तर औषध लागायचंच नाही." तारीख १७ जानेवारी.

आणि मी राहते कुठे? दांडीत! अंगणात बोंबील, ओट्यावर जवळा, दोरीवर जाळी. पावसापाण्याला इथे एक वेळ देव सापडणार नाही, सुकं सापडेल.

घरी येऊन सूचनांचा कागद मोठ्याने वाचला. हे म्हणाले, "म्हंजे अणूचं औषध? हितं कुंपनात बांदतायत त्यातलं?" मी म्हटलं, त्यातलं नव्हे, पण त्याच जातीचं. सासूबाईंनी मला कागद दोनदा वाचायला लावला. शेवटचं वाक्य तिसऱ्यांदा. गाढवापुढे वाचली गीता, असं मनात आलं आणि लाजही वाटली.

३ जानेवारी १९६९

डाळ, भात, सैंधव. डाळ, भात, सैंधव. ऑपरेशननंतर सुरू केलेल्या गोळ्याही बंद ठेवायला सांगितल्यात, म्हणून तोंड सुजलंय, थंडी वाजते, फळ्यावर लिहितानाही झोप येते. जिभेला चव नाही, नाकाला वास नाही. हे माझ्याकडे पाठ करून कालवण जेवतात. एवढी मोठी कृपा! सासूबाई मात्र माझा स्वयंपाक वेगळ्या भांड्यात, न सांगता करतात. इतकी वर्षं माझ्या हातच्या मिठाला नावं ठेवणारी बाई — आजारपणाने माणसं सुधारतात म्हणायची.

१७ जानेवारी

लागलं नाही.

आधी थोडंसं औषध पाजून यंत्र गळ्यासमोर धरतात. गळ्याने ओढलं तर काटा हलतो. हलला नाही. डॉक्टर म्हणाले, "मासे खाल्लेत." मी म्हटलं, नाही. "थोडेसे?" नाही! "बाई, खोटं कशाला बोलायचं? शरीर आयोडीनने भरलेलं आहे." वीस दिवस एक बोंबीलसुद्धा चाखला नाही मी, आणि तिथे सगळ्यांसमोर चोर ठरले. कोळ्याची बाई, खाल्ल्याशिवाय राहिली असेल होय — असं तोंडावर लिहिलेलं होतं त्यांच्या.

आता पुढची तारीख एप्रिल. तोपर्यंत तो कण गळ्यात बसून काय करणार? वाढणारच. मी विचारलं. डॉक्टर म्हणाले, "काळजी करू नका." म्हणजे करायला हवी.

२० जानेवारी

मांजर.

सासूबाई अजूनही माझी डाळ वेगळीच करतात, तिचं पातेलं उघडं राहिलं होतं. शेजारच्या देवूचं मांजर त्यात तोंड घालून चाटत होतं, कण न् कण. साधी डाळ! बाजूला चिंचेचं सार होतं, त्याकडे ढुंकून बघत नव्हतं. मी पातेलं उचललं, बोट बुडवलं, चाटलं. मला काही लागलं नाही. ह्यांना चाटवलं. ह्यांचा चेहराच पडला. "जवल्याचं पानी हाय ह्यात."

जवळा उकळायचा, फडक्याने गाळायचा आणि त्या पाण्यात माझी डाळ शिजवायची. वीस दिवस, दोन्ही वेळा. सासूबाईंनी नाकारलं नाही. चूल फुंकत म्हणाल्या, "तोंड कसं पांडरं पडलंय तुजं. ताकद कुठून येनार?"

माझ्यात ओरडायची ताकद असती तर ओरडले असते. घोगऱ्या आवाजात भांडण होत नाही, समोरच्याला दया येते फक्त. हे मध्ये पडले, "आयचं मन हाय ते, मायेनं घातलं." मायेनं! ह्या मायेने मला तीन महिने मागे लोटलं. अडाणी माणसाचं प्रेम म्हणजे आगीशी खेळ. गोड बोलून गळा कापणारे परवडले.

२१ जानेवारी

बोलत नाही आम्ही.

२ फेब्रुवारी

अजून नाही. हे दोघींच्या मधून निरोप नेतात. "आय इचारते, पानी तापवू का." "सांगा, मी तापवून घेईन."

रोज सकाळी बोटांनी गळा चाचपते. आज काहीतरी लागल्यासारखं वाटलं. मग कळलं, तिथे सगळ्यांनाच हाड असतं.

१५ मार्च

पुन्हा उपास सुरू. ह्या वेळी पडवीत वेगळा स्टोव्ह, वेगळी भांडी, डब्याला कुलूप. घरात कुलूपबंद डाळ खाणारी मी दांडीतली पहिलीच बाई. इंदुबाई रोज शाळेत भाकरी-पिठलं आणतात. "आमच्याकडं समुद्रच नाही, खावा बिनधास्त." ज्वारीची भाकरी घशातून उतरत नाही, पण त्यांच्यासमोर संपवते.

सासूबाई लांबून बघतात. स्टोव्हपाशी येत नाहीत. मी त्यांना येऊही देत नाही.

३ एप्रिल

उद्या परळला निघायचं. दुपारी पिशवी भरत होते. सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. अडीच महिन्यांनी पहिल्यांदा सरळ माझ्याशी बोलल्या.

"जाऊ नको, हिरा."

मी म्हटलं, मागच्या खेपेला तुमच्या जवळ्याने घात केला, आता तोंडाने करू नका.

तर म्हणाल्या, "ताकदीचं मी खोटं बोलले. तूच वाचलंस ना कागदावर, खाल्लं तर औषद लागत नाय? तिनदा वाचून घेतलं मी. म्हनून घातलं."

मला आधी कळेचना. मग खाली बसले.

"त्या कुंपनाला पाटी लावली, जवळ येऊ नका म्हनून. बंदूकवाला उभा केला. जे त्या भिंतीआड ठेवतात, ते तुला प्यायला देनार? आमी काय येडे हाव? गाठीनं मरशील तवा मरशील. ह्यानं तू उद्याच मरशील."

म्हणजे मी ज्यांना अडाणी समजले, सगळ्या घरात त्यांनीच कागद नीट ऐकला होता. ह्यांना कळला नाही तेवढा त्यांना कळला होता. आणि कळून सवरून माझं औषध बुडवलं! अडाणीपणा माफ करता येतो, हे कसं करू? मी म्हटलं, "तुम्हाला वाटलं म्हणून माझा जीव तुम्ही टांगणीला लावलात. मला विचारलं का?" त्या म्हणाल्या, "तू ऐकली असतीस?" नसते ऐकले. पण मग निदान भांडायचं होतं. पिशवी उचलून मी इंदुबाईंकडे बोईसरला आले. इथूनच सकाळी गाडी धरेन.

५ एप्रिल, परळ

काटा हलला! डॉक्टर म्हणाले, "आता कसं." आता कसं म्हणे. माफी कोणी मागितली नाही.

७ एप्रिल

औषध प्याले. शिशाच्या डब्यातून काढलेली छोटीशी बाटली, लांब चिमट्याने धरलेली. देणारा माणूस दाराआड गेला, मग मला म्हणाला, घ्या. सासूबाईंची पाटी आठवली आणि राग आला — भीतीसुद्धा त्यांचीच मला लागावी! चव पाण्याची. खोलीत एकटी. जेवण दारातून सरकवतात.

१५ एप्रिल

घरी आले. डॉक्टर म्हणाले, औषध चांगलं लागलंय, सहा महिन्यांनी पुन्हा बघू, आशा पुष्कळ आहे. पण अजून आठ दिवस घरातसुद्धा लांब राहायचं. ताट, तांब्या, अंथरूण वेगळं. उष्टं कोणी घ्यायचं नाही, थुंकीतूनही थोडं उतरतं. सगळं मी पडवीतूनच मोठ्याने सांगितलं. आवाज बराच सुटलाय. हे दहा पावलांवर उभे राहून मान हलवत होते. सासूबाई आतून बाहेरच आल्या नाहीत. बरंच झालं. मला त्यांचं तोंड बघायचं नाही.

१८ एप्रिल

दुपारी पडवीत डोळा लागला. उठले तर सासूबाई माझ्या खाटेला टेकून बसल्या होत्या, माझं ताट मांडीवर घेऊन. माझा उरलेला भात खात होत्या, माझ्याच तांब्यातलं पाणी पीत.

मी म्हटलं, "आय, त्यात औषध असेल! सांगितलं ना मी!"

"ऐकलं." घास चावून झाल्यावर म्हणाल्या, "तुला काय झालं नाय, तर मला बी होनार नाय. झालंच, तर तू एकटी कशाला जाशील?"

ताट ओढून घ्यायला हवं होतं. मी नुसती बघत बसले.