आजीचा दुसरा हात

रविवार, ३ फेब्रुवारी १९७४
आधी कालच्या नोंदीतली चूक दुरुस्त करते. सतरा तारखेच्या, आमच्या पंथाला हक्क मिळाल्याच्या सणाच्या भाषणासाठी पाळकसाहेबांनी मला आग्रह केला, असं मी लिहिलं होतं. आग्रह नव्हता. दुसरं कोणी तयार नव्हतं.
विषय : १९४४ साली जर्मन सैनिकांनी आमची वाडी पेटवली, तेव्हा ओनोरीना आजीने घरचं बायबल कसं वाचवलं. सोपं आहे. आई, मावशी आणि मामा तेव्हा लहान होते, पण तिथेच होते. तिघांचे जबाब घ्यायचे, एक खरा वृत्तान्त लिहायचा, खाली तिघांच्या सह्या. चार दिवसांचं काम. खात्री नसलेलं एक अक्षरही देवळात वाचणार नाही. भीती अजिबात वाटत नाही.

मंगळवार, ५
आईचा जबाब. ऑक्टोबर, चेस्टनट पडत होते. आजीच्या एका हातात बायबल, दुसऱ्या हातात आई. स्पष्ट, मुद्देसूद. उत्तम सुरुवात.

बुधवार, ६
एर्मेलीना मावशीचा जबाब. मे महिना. एका हातात बायबल, दुसऱ्या हातात मावशी. मग आई कुठे होती, असं विचारलं. म्हणाली, "सिल्विया? ती केव्हाच पुढे पळाली होती. बोलावल्याशिवाय जायची ती फक्त जेवायला आणि पळायला."

गुरुवार, ७
आल्दो मामाकडे गेले. तो शेळीचं दूध काढत होता. म्हणाला, बर्फ होतं. दुसऱ्या हातात कोण, हे विचारायचीच गरज नव्हती. "अगं, मी चार वर्षांचा. त्या दोघी घोडीसारख्या धावायच्या, त्यांना कशाला हात हवाय?"
निष्कर्ष : ऋतू तीन, मुलं तीन, हात एक. सह्यांचं तूर्त बाजूला ठेवते.

शनिवार, ९
छातीच्या दुखण्यामुळे आठ वर्षांची होईपर्यंत मी शाळेत गेले नाही. आजीनेच शिकवलं, चेस्टनट सोलता सोलता. बायबलात रिकाम्या थडग्यापाशी मत्तयात एक देवदूत आहे आणि लूकमध्ये दोन पुरुष. दोन्ही गोष्टी तिने एकाच दुपारी सांगितल्या, आणि मी कधी मोजलं नाही. आता मोजते आहे. माझ्या घरातली तीन माणसं एक हात धड सांगू शकत नाहीत, मग त्या चार शुभवर्तमान लिहिणाऱ्यांचं मी कशावर धरून बसले आहे?
शंका नाही. फक्त मोजते आहे. जेवण गेलं नाही.

रविवार, १०
पाळकसाहेबांना सगळं सांगितलं. ते देवळातली मोठी लोखंडी शेगडी दुरुस्त करत होते, डोकं आत. आतूनच म्हणाले, "नोएमी, तिघांपैकी एक तरी म्हणालं का, की आईने मला सोडलं?" नाही म्हटलं. "मग तेच वाच." ही काही पद्धत नव्हे, असं मी सांगितलं. त्यांनी माझ्याकडे चिमटा मागितला.

मंगळवार, १२
माणसांवर अवलंबून राहणं हीच चूक होती. आज प्रत्यक्ष पुरावा तपासला. फळीवरचं बायबल काढून धुराचे डाग शोधले. एकही नाही. मग पहिलं पान पाहिलं. छापल्याचं साल १९४८.
पुन्हा वाचलं, तरी १९४८.

गुरुवार, १४
मावशीला पान दाखवलं. ती मक्याच्या पिठाचा पोलेंटा ढवळत होती, थांबली नाही. "पहिलं जळलं, बाई. हे नंतरचं. मधली वर्षं आईने आम्हाला सगळं तोंडपाठच सांगितलं." मग हातात बायबल होतं असं का सांगितलंस? "तू विचारलंस, बायबल कसं वाचवलं. त्याला मी काय करू? पण दुसऱ्या हातात मीच होते हं."
नवा हिशेब : बायबल नव्हतं, म्हणजे दोन्ही हात मोकळे. मुलं तरीही तीन. प्रगती आहे.

शनिवार, १६
भाषण तयार. चार पानं, अकरा तळटीपा. सणाला आम्ही बायका घालतो ती पांढरी टोपी इस्त्री केली, थोडी जळली, मागच्या बाजूला आहे. संध्याकाळी, सणाच्या आदल्या दिवशी पेटवतात त्या होळीपाशी सगळे गात होते, मी मनात तळटीपा म्हटल्या. उद्या कोणाकडेही न बघता सरळ वाचणार. मन पूर्ण शांत.

रविवार, १७, जेवणानंतर
बघितलं. तिघंही पहिल्या बाकावर, मामा त्याच्या एकुलत्या एक कोटात. मी तोंड उघडायच्या आतच त्याने रुमाल काढला होता. कागद मिटले आणि म्हणाले, "आजी बायबल घेऊन बाहेर पडली, आणि हातातलं मूल तिने सोडलं नाही." बायबल घेऊन, हे खरंच आहे, कुठे ठेवलं होतं ते कोणी विचारलं नाही. मूल कोणतं ते सांगायची वेळ आली तेव्हा पाणी प्यायले. तिघंही रडत होते. मग मीही.
नंतर आई कानात म्हणाली, "नाव घेतलं नाहीस ते बरं केलंस, त्या दोघांना वाईट वाटलं असतं." मावशी तेच म्हणाली. मामाही.
दुरुस्ती : पेला रिकामा होता.
पण हे असं चालायचं नाही. पुढच्या वर्षी सगळं जसंच्या तसं सांगणार, तळटीपांसकट. सोमवार, १७ फेब्रुवारी १९७५, जेवणाआधी.