माझ्या तोंडाचे मोम्बासातले हक्क

पनवेल, मंगळवार

चिरंजीव मोहसीनला भाबीचा सलाम.

त्या सकाळी माझी मांदेली साफ करून झाली होती (मागच्या ओट्यावर, जिथे मांजर हक्काने हिस्सा मागायला बसते), पाण्याची मोटर लावली होती, अय्यूबचे दोन सदरे धुऊन दोरीवर टाकले होते (कुणी घालत नाही तरी मी ते धुते, धूळ काही माणूस बघून बसत नाही), आणि कालवणासाठी नारळ फोडायला घेतला होता, तेवढ्यात जासईच्या दीपेशचा फोन आला.

पण थांब. आधी खैरियत विचारायची रीत आहे आणि मी रीत सोडणारी नाही. तुझी साखर कशी आहे? झेबाचे गुडघे? सासऱ्यांच्या हार्डवेअरच्या दुकानात बरकत आहे ना? (आहे असं ऐकते. फारच आहे असं ऐकते.) इकडे मी ठीक आहे. मी रागावलेली नाही. हे आधीच लिहून ठेवते, नाहीतर पुढचं वाचताना तुझा गैरसमज होईल. फोन सोडून पत्र का, तर फोनवर मी काही लिहिलं की त्याखाली दोन निळ्या खुणा उमटतात, मग तू दुकानात गिऱ्हाईक आलंय म्हणतोस, आणि ते गिऱ्हाईक महिनाभर जात नाही.

तर दीपेश. हा आपला माल जहाजावर चढवण्याचे कागद करतो. त्याच्या आजाची मिठागरं होती, आता घरात सगळे कंटेनरचंच बोलतात. म्हणाला, "चाची, तुमचा माल मोम्बासाला अडवून ठेवलाय. तिकडचा साब बोलतो, नकली हाय."

"नकली कसा? खोक्यावर माझं तोंड आहे."

"तेच ना चाची! तो बोलतो, ह्या तोंडाची मालकी दुसऱ्याची हाय."

मोहसीन, नारळ माझ्या हातातून सुटला आणि मांजर पळालं. (परत आलं. मांदेली होती.)

तुला सगळं ठाऊक आहे, पण राग आलेला माणूस पहिल्यापासून सांगतो. (रागावलेली नाही हे वर लिहिलंय.) तुझ्या भावाने रोडपालीच्या मागच्या गाळ्यात लेथवर उभं राहून टेबलाच्या कडेला स्क्रूने बसवायची, मूठ फिरवायची नारळाची खवणी बनवली. नाव ठेवलं 'फहमिदा खवणी' आणि खोक्यावर माझा फोटो छापला. मी भांडले होते. म्हटलं, बायकोचं तोंड कुणी बाजारात मांडतं का? तर म्हणाला, तुझ्या तोंडाकडे बघून कुणी भाव पाडून मागणार नाही. त्याचं ते खरं निघालं. भारतात त्याने नाव आणि फोटो दोन्हींची नोंद केली, फी भरली, दाखला चौकटीत लावला. ती चौकट गाळ्यात आहे. तो नाही. लेथ त्याची माणसं चालवतात आणि मी समोर खुर्ची टाकून बसते, कारण मी तिथे नसले की त्यांच्या चहाला फार वेळ लागतो. मोम्बासाच्या व्यापाऱ्याने मागवलेला माल ही त्याच्यामागे आलेली सगळ्यात मोठी मागणी. तो माल सुटला नाही तर गाळ्याला कुलूप लागेल. एवढंच आहे, बाकी काही नाही.

मी इथल्याच अरुंधतीकडे गेले. ही वकील आहे, नोंदी-बिंदी करते, मला मावशी म्हणते आणि माझ्यापेक्षा हळू चालते. ती म्हणाली, "मावशी, ट्रेडमार्क त्या त्या देशापुरता असतो. तिथे कुणीतरी तुमच्या आधी नोंद केली."

मी म्हटलं, "म्हणजे माझं तोंड पनवेलात माझं आणि मोम्बासात दुसऱ्याचं?"

"कायद्याने तसंच."

"मग मी मोम्बासात उतरले तर तोंड कुठे ठेवू?"

त्यावर तिने पाणी मागवलं. (स्वतःसाठी.) मग सांगितलं की नोंद रद्द करायला अर्ज करता येतो, पण त्याला वेळ लागतो, आणि तोवर तिथला नोंदीचा मालक म्हणाला तर आपला माल नकली म्हणून रोलरखाली चिरडतात. हां, त्या मालकाने स्वतः नोंद मागे घेतली आणि माल सोडा असं लिहून दिलं, तर सगळं मिटतं. माझं शिक्षण चौथीत थांबलं, पुढचं सगळं मी वाण्याच्या पुड्यांच्या रद्दीतून वाचलं, पण अस्सल माल नकली ठरवून चिरडतात असं कुठल्याही रद्दीत आलं नव्हतं.

अरुंधतीनेच मला वाशीच्या एका हॉटेलात चर्चासत्राला धाडलं. 'उगवत्या परदेशी बाजारपेठांत बौद्धिक संपदेचे संरक्षण आणि अंमलबजावणी'. (हे वाचून संपेपर्यंत चहा निवला.) कोटातल्या एका गृहस्थाने पडद्यावर आफ्रिकेचा नकाशा लाल करून दाखवला. मी हात वर केला, उभी राहिले आणि माझं तोंड चोरीला गेलंय असं सांगितलं. माझं हे तोंड समोर दिसत असताना लोक हसले. गृहस्थ म्हणाले, "मॅडम, जागरूकता ही पहिली पायरी." मी दुसरी विचारली, तर जेवणाची सुट्टी झाली. निघताना प्रत्येकाला एक बॅग दिली, वर बड्या परदेशी कंपनीचं नाव. तिची चेन तिथेच उघडली ती आजतागायत लागलेली नाही. मी परत फिरून विचारलं, ही अस्सल का हो? म्हणाले, "ते आम्हाला माहीत नाही, बॅगा इव्हेंटवाल्याने आणल्या." मी ती बॅग त्यांच्याच खुर्चीवर ठेवून आले. बिर्याणी मात्र खाल्ली. ती नकली नव्हती.

मग त्या व्यापाऱ्याने इकडे येणाऱ्या कुणाच्या तरी सामानातून तिथली खवणी नमुना म्हणून पाठवली आणि दीपेश ती मला घरी देऊन गेला. खोक्यावर मी. ओठ रंगवलेले, नाकात चमकी, वय वीस वर्षांनी उतरवलेलं. (एवढा चांगला माझ्याशी आजवर कुठला फोटोवाला वागला नाही.) खाली मोठ्या अक्षरांत 'ओरिजिनल'. आपल्या खोक्यावर हा शब्द कधी नव्हता, गरजच पडली नव्हती. मी ती टेबलाला बसवली, नारळ धरला, मूठ फिरवायला गेले, तर मूठ डावीकडे.

आता नीट वाच. अय्यूब डावखुरा. त्याने पहिली खवणी बनवली ती स्वतःच्या हाताने चालवून बघत, म्हणून तिची मूठ डावीकडे आली आणि पातीचे दातही उलटे. मी म्हटलं, शाबास, आता पनवेलभर डावखुरे शोधत फिर. त्याने तो साचा त्याच दिवशी मोडला. त्यानंतर निघालेली प्रत्येक खवणी उजवी. ती एकटी डावी माझ्या स्वयंपाकघरात पडून होती, आणि तुझ्या निकाहनंतर झेबा मोम्बासाला निघाली तेव्हा "भाबी, मी पण डावखुरी आहे, ही मला द्या ना" म्हणून तिने लाडाने मागून घेतली. म्हणजे चोराने नक्कल केली ती जगात एकुलत्या एक असलेल्या खवणीची. अख्खा मोम्बासा आज डाव्या हाताने नारळ खवतोय आणि इंडियाच्या मालाला शिव्या देतोय.

मी ती डाव्या हाताने फिरवून बघितली. अय्यूबच्या त्या खवणीत फेरा संपताना एक बारीक झटका बसायचा, तो हिच्यातही उतरलाय. अर्धा नारळ संपेपर्यंत मी हात थांबवला नाही. मग उठून खोबरं मांजराला घातलं. मांजराने खाल्लं नाही.

तू तिकडचा जाणता, म्हणून तुलाच विचारते. झेबाची खवणी घरात आहे ना? की कुणी उसनी नेली होती? नेली असेल, नक्कल करून गुपचूप आणून ठेवली असेल. कुणी हार्डवेअरचा माणूस असेल, ज्याचा तुमच्या स्वयंपाकघरात वावर आहे. लक्ष ठेव. असल्या माणसाच्या ताटात जेवू नकोस.

झेबाला दुआ.

तुझी भाबी,
फहमिदा (फक्त भारतापुरती)

ता. क. नोंद कुणाच्या नावावर आहे ते अरुंधतीने काढलंय. सांगायला तिने तोंड उघडलं, मी म्हटलं, थांब. ते नाव मला वकिलाकडून नको, तुझ्याकडून हवं. मग त्या कचेरीत जा, नोंद मागे घे, माल सोडा असं लिहून दे. खवण्या विकायच्याच असतील तर आमच्याकडून घेऊन वीक, भावाच्या मालावरचा नफा मी हलाल धरेन. तू मय्यतीला आला नाहीस. विमान मिळालं नाही म्हणालास, मी तो राग धरला नव्हता. आता दोन्ही एकदम धरते. वर 'रागावलेली नाही' असं लिहिलंय तेवढं वाचू नकोस.

आणखी एक, बुधवारी लिहिलेलं. काल कुरिअरवाल्याचं दुकान बंद होतं, म्हणून पत्र घरीच राहिलं. आज सकाळी मी उमराहसाठी काढलेला पासपोर्ट घेऊन बंदराच्या दवाखान्यात गेले आणि आफ्रिकेला जाणाऱ्यांना लागते ती पिवळ्या तापाची लस टोचून घेतली.