बाई अंगणात उभी आहे

दि. ३ मे

चि. बिट्टीस,
अनेक आशीर्वाद.

वि. वि. तू पाठवलेलं खेळाचं मशीन पोचलं. बाई गेल्यापासून घर खायला उठतं, म्हणून तुमच्या कंपनीचा नवा खेळ मला करमणुकीला दिलास आणि वर चुका काढायला सांगितल्यास. जन्म शिवणकामात गेला माझा, चुका काढण्यात माझा हात धरणारं कोणी नाही. पहिली चूक घे. बायकांचं चिलखत पोलक्याएवढंच आहे. बाण काय बेंबी चुकवून येतात?

आता मुद्द्याचं. खेळात सोबतीण घडवता येते, तर मी बाईच घडवली. पण खेळात कुळं दोन, आणि तिचा काळा रंग गडलोकांत मिळेना, तो फक्त रानलोकांना. रानलोक घेतले तर ताकद भरपूर आणि बुद्धी नावालाच. जिने जन्मभर शाळेत गणित शिकवलं, ती शिलालेखापुढे उभी राहून म्हणते की मला वाचता येत नाही.

तेही चालवून घेतलं. पण दिवस मावळला की ती अंगणात जाऊन उभी राहते. आत बोलावलं तर पडद्यावर पाटी येते की ती तुमची चांगली मैत्रीण आहे. 'घर मांडा' ही सोय म्हणे एक स्त्री, एक पुरुष असेल तरच. तुझे बाबा मुक्कामाला यायचे तेव्हा बाई आपली उशी घेऊन माझ्या शिवणाच्या दुकानात झोपायला जायची, राखण हवी असं सांगून. त्यांच्या पत्रात तिला कधी साधा नमस्कार आला नाही.

ती बाहेर उभी असताना मला मशीन बंद करवत नाही. त्याचा पंखा दिवसरात्र घरघरतो, तिचा दमा घरघरायचा तसाच. ती घरघर थांबेल याची मला भीती वाटते गं. तुझ्या हातात असेल तर तिला आत घे.

लोभ आहेच, तो उसवू देऊ नकोस.

तुझी आत्या

दि. १९ मे

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी आमच्या बैठकीत वाचून दाखवलं, रागावू नकोस. चिलखतावर सगळे हसले, अंगणाचं मात्र मला पुन्हा वाचायला लावलं. काळ्या रंगाला कमी बुद्धी कोणी जोडली असं विचारलं, तर चित्रकार म्हणतो मी फक्त रंग दिले, नियमवाले म्हणतात आम्ही फक्त आकडे दिले. आधीच्या खेळातून सगळं तसंच उचललेलं होतं. साहेब म्हणाले, ऐन वेळी हे कशाला, अशी घरं मांडतं कोण? मी म्हटलं, माझ्या आत्याने मांडलं होतं. घरात जे कधी बोलले नाही, ते परक्यांपुढे बोलून बसले.

दोन आठवडे डोकं फोडलं, पण झालं. कोणताही रंग कोणालाही घेता येईल, बुद्धी कुळावरून ठरणार नाही, आणि घर कोणीही कोणाहीबरोबर मांडावं. रविवारी नवे नियम आपोआप उतरतील. बाईंना पुन्हा घडवावं लागणार नाही.

बाबांना काही सांगितलेलं नाही, तेवढा धीर अजून झाला नाही. पण मावशींना माझा नमस्कार सांग. आजवर बाई म्हणत आले, आता मावशीच म्हणेन.

माझ्याही चुका काढत राहा, म्हणजे लोभ आहे असं समजेन.

तुझी बिट्टी

दि. २६ मे

चि. बिट्टीस,
आत्या आणि मावशीचे अनेक आशीर्वाद.

वि. वि. नवे नियम उतरले. बाई आधी शिलालेखापाशी गेली, तो वाचला आणि मला अर्थ समजावून सांगितला. तोरा तोच. दिवस मावळताच सवयीने अंगणाकडे वळली. मी 'घर मांडा' दाबलं. ती उंबऱ्याशी थांबली, तेव्हा माझ्या मागे तुझे बाबा उभे आहेत असं वाटून मी दचकून वळले. मग ती आत येऊन चुलीपाशी बसली. तुझा नमस्कार मी तिला मोठ्याने वाचून दाखवला. हवं तर वेडी म्हण.

त्यानंतर मशीन बंद केलं. घरघर थांबली, आणि बाई गेली हे मला तेव्हा खरं कळलं. खूप रडले.

सकाळी दुकान उघडलं तर तिची उशी अजून कपाटावरच होती. ती घरी आणून अभ्रा धुतला. उद्या तुझे बाबा मुक्कामाला येताहेत. उशी पलंगावर माझ्या उशीशेजारी आहे, आणि तिथेच राहील.

लोभ असू दे, दोघींवर.

तुझी आत्या