यू-जी ८९ ही गाडी आणि तिचा नंबर यांचे पुढे काय करावे

जर्मनीच्या रस्त्यांवर वावरणाऱ्या कोणाच्याही नजरेतून एक गोष्ट सुटलेली नसावी. काही गाड्यांच्या नंबरप्लेटच्या उजव्या कडेला एकाखाली एक असे दोन लहान आकडे असतात, मध्ये रेघ. जणू कोणी गणिताच्या वहीतला अपूर्णांक उचलून पत्र्यावर ठोकला आहे. काही जुन्या गाड्यांच्या नंबराच्या शेवटी मात्र एकटाच एच उभा असतो. हे काय आहे ते कळल्यावाचून माझे मृत्युपत्र नीट कळणार नाही. खुलासा कलम चारमध्ये आहे; तोवर वाचणाऱ्याने धीर धरावा.

प्रथम रीतसर. मी, ऊर्मिला गुरुदत्त टिपणीस, वय वर्षे बहात्तर, मूळची पुण्याची, राहणार लुडविग्सहाफेन, रसायन कारखान्यातील निवृत्त रंगपरीक्षक, शुद्धीवर असताना, स्वखुशीने व कोणाच्याही दडपणाविना हे लिहीत आहे. येथील कायद्याप्रमाणे घरी केलेले मृत्युपत्र पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत स्वहस्ते लिहावे लागते, टंकलेले चालत नाही. म्हणून ही शाई. डोके ठिकाणावर असल्याचा दाखला मी डॉक्टरांकडे मागितला होता. त्या म्हणाल्या, "फ्राऊ टिपणीस, ज्यांचे ठिकाणावर नसते ते दाखला मागायला येत नाहीत." तरी त्यांनी तो दिला, सोबत जोडला आहे.

कलम एक. राहता फ्लॅट, तळघरातील खोलीसह, माझा एकुलता मुलगा क्षितिज यास मिळावा. स्वयंपाकघराची खिडकी उघडताना डावीकडून किंचित उचलावी लागते.

कलम दोन. बँकेत जे असेल तेही त्यालाच.

कलम तीन. माझी नणंद विभावरी, राहणार बाड हॉम्बुर्ग, हिला माझे पुरणयंत्र द्यावे. द्यावे म्हणजे तिच्याकडेच राहू द्यावे. २००३च्या होळीला ती ते "दोन दिवसांसाठी" घेऊन गेली आहे. तिच्यावर आणखी एक जबाबदारी आहे. क्षितिजला मराठी समजते, वाचता येत नाही. हे मृत्युपत्र तिने त्याला मोठ्याने वाचून दाखवावे, आणि कलम सातमध्ये ती स्वतः येते तेथे पान उलटू नये.

कलम चार. आता नंबरप्लेट. अपूर्णांकातील वरचा आकडा हा गाडी रस्त्यावर आणण्याचा पहिला महिना, खालचा शेवटचा. चार वर, दहा खाली, म्हणजे एप्रिल ते ऑक्टोबर. उरलेले महिने गाडीने झाकून उभे राहायचे. त्या काळात ती नुसती रस्त्याकडेला ठेवली तरी गुन्हा. जुन्या गाड्यांचे मालक ही प्लेट हौसेने घेतात, कारण हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ पसरतात आणि मीठ पत्रा खाते. एचची गोष्ट निराळी. गाडीला तीस वर्षे पूर्ण झालेली असावीत, ती बव्हंशी मूळ रूपात असावी, आणि एका तज्ज्ञाने तिला तपासून तसे लिहून द्यावे. मग सरकार तिला ऐतिहासिक मानते. माणसांसाठी अशी काही सोय नाही, हे मी कचेरीत विचारून खात्री करून घेतले आहे.

गाडीच्या मालकाला नंबर निवडताही येतो, पण चौकटीत. आधी गावाची अक्षरे, आमची एल-यू. मग आपल्या पसंतीची एक किंवा दोन अक्षरे, जास्त नाहीत. मग आकडे.

कलम पाच. आमची गाडी १९८९ची ओपेल कॅडेट, फिकट हिरवी. माझे दिवंगत पती श्री. गुरुदत्त यांनी ती जुनी घेतली आणि १९९७ साली आम्ही तिला हंगामी प्लेट केली. ऊर्मिलेचा यू, गुरुदत्त यांचा जी, आणि गाडीच्या जन्मसालाचे ८९. घरी आणून टेबलावर ठेवली तेव्हा दहा वर्षांच्या क्षितिजने तिच्यावरून बोट फिरवले.

"उंड इश?" आणि मी?

"बाळा, दोनच अक्षरे बसतात."

"आकडे तरी माझे. मी सत्याऐंशीचा." हे त्याने मराठीत म्हटले होते; तो तेव्हा मराठीत उत्तर देत असे.

मी त्याला नियम समजावून सांगितला. फार छान समजावला, आकृती काढून. आकड्यांच्या बाबतीत कोणताही नियम आड येत नव्हता, हे त्याच्याही लक्षात आले असणार.

कलम सहा. एप्रिल २००९. झाकण काढले तर डाव्या मागच्या चाकावर रंगाला फोड आलेले. फोड म्हणजे आत गंज. क्षितिज तेव्हा कार्ल्सरूहेला शिकत होता, सुट्टीत घरी येई, आणि गॅरेजची दुसरी किल्ली त्याच्याकडे असे.

"क्षितिज, जानेवारीत गाडी बाहेर काढलीस?"

"नाइन." नाही.

"हा मिठाचा गंज आहे. वीस वर्षे मी हेच बघते आहे."

"आई, इश वार्स निश्ट." मी नाही केले. दोनदा म्हणाला.

"अहो, तुम्ही काही बोला ना याला."

"चहा गार होतोय," हे म्हणाले.

मी किल्ली मागितली. क्षितिजने ती टेबलावर ठेवली, आणि त्यानंतर तो त्या गाडीत कधीही बसला नाही. दिवाळीला येतो, स्टेशनवरून चालत येतो. वडिलांच्या अंत्यविधीलाही तो ट्रामने आला. गाडीत त्याच्यासाठी जागा होती. फोड आलेली जागा दुरुस्त करून आणण्याचे काम मात्र यांनी आपणहून अंगावर घेतले होते. पाण्याचा पेला उचलून न ठेवणारा माणूस "मीच नेतो" म्हणाला, यात मला काही वावगे दिसले नाही. मी परीक्षक होते.

कलम सात. २०२२ साली मी एचसाठी अर्ज केला. तपासायला हेर ब्रेनर नावाचे गृहस्थ आले. त्यांनी खिशातून फडक्यात गुंडाळलेला एक लहान चुंबक काढला आणि तो गाडीच्या अंगावर जागोजाग टेकवत निघाले. लोखंडी पत्र्याला तो फडक्यातूनही धरतो. पत्र्यावर पुट्टीचा जाड थर असेल तर पत्रा दूर पडतो आणि चुंबकाची पकड सुटते. डाव्या मागच्या चाकावर तो निसटून त्यांच्या तळहातात पडला.

"मागे कुठे ठोकली होती का?"

"कधीच नाही."

"चुंबकाला तसे वाटत नाही, फ्राऊ टिपणीस."

दुरुस्ती लहान आणि जुनी म्हणून त्यांनी एच दिला. मी मात्र विभावरीला फोन केला, कारण यांनी गाडी एकट्याने नेली असेल तर तिच्याकडेच.

"वहिनी, आता सांगायला हरकत नाही. आमच्या अंगणातली सिमेंटची कुंडी आठवते? दोन हजार आठच्या ऑक्टोबरात दादाने मागे घेताना तिला नेऊन भिडवली. दुसऱ्याच दिवशी कुठल्याशा गॅरेजात पुट्टी भरून आला."

"आणि तू इतकी वर्षं गप्प?"

"त्याने शपथ घातली होती. म्हणाला, ऊर्मिलेला कळलं तर ती मला सूक्ष्मदर्शकाखाली ठेवील."

"आणि क्षितिज?"

"दादा म्हणायचा, पोरगा आहे, विसरेल."

यावर शास्त्र काय सांगते ते लिहिते. मीठ चाकाबरोबर खालून उडते, म्हणून त्याचा गंज चाकाच्या कडेला सुरू होतो आणि वर चढतो. पुट्टी घाईने भरली तर ती ओल धरते, आणि गंज आतून, पत्र्याच्या मध्येच, गोल फोडांनी उठतो. आमचे फोड कडेपासून वीतभर वर होते आणि गोल होते. शिवाय रंगाच्या थरांची जाडी मोजण्याचे उपकरण माझ्या टेबलाच्या खणात होते. परक्यांच्या हजारो पत्र्यांना मी ते लावले, आपल्या गाडीला एकदाही लावले नाही. ज्याची खात्री असते ते कोण मोजतो?

यांच्यावर माझा राग आहे आणि तो मी कोणाच्याही नावे करीत नाही. तो माझ्याबरोबर संपेल. पण यांनी फक्त मौन पाळले. आरोप माझा होता. क्षितिज खरे बोलत होता, हे मी येथे सहीनिशी नोंदवते.

हे मी त्याला फोनवर दोनदा सांगू पाहिले. दोन्ही वेळा तो म्हणाला, "आल्झो," म्हणजे बरं तर, "ते जाऊ दे," आणि हवेविषयी बोलू लागला.

कलम आठ. गाडी क्षितिजला मिळावी. ती घेण्याचे बंधन त्याच्यावर नाही. नको असल्यास गाड्या दुरुस्त करायला शिकवणाऱ्या एखाद्या शाळेला द्यावी. पुट्टी कशी भरू नये हे शिकवायला ती उपयोगी पडेल. घेतली, तर नंबर त्याने स्वतः निवडावा. मी काहीही सुचवणार नाही. सत्याऐंशी हा आकडा त्या अक्षरांसह शिल्लक आहे की नाही, एवढे मी संगणकावर फक्त पाहून ठेवले आहे. आहे.

थर मोजण्याचे उपकरणही त्यालाच.

कलम नऊ. या मृत्युपत्राची एक प्रत मी आजच विभावरीला पाठवत आहे, म्हणजे वाचन माझ्या मरणावर अडून राहणार नाही. क्षितिजला गॅरेजची किल्ली आणि एक चुंबक वेगळ्या पाकिटातून जाईल. प्रयोग सोपा आहे आणि घरात पत्र्याची जुनी गाडी असलेल्या कोणालाही करता येईल. चुंबक पातळ सुती फडक्यात गुंडाळावा. बंपर सोडावा, तो प्लॅस्टिकचा आहे. आधी छत, मग दार, मग उजव्या मागच्या चाकावरचा पत्रा. तिन्ही जागी हात सोडून पाहावा, चुंबक धरून राहील. मग डाव्या मागच्या चाकावर, कडेपासून वीतभर वर, चुंबक टेकवावा, खाली दुसरा हात धरावा आणि सोडावा.

निष्कर्ष प्रयोग करणाऱ्याने मला समक्ष कळवावा. मी अद्याप हयात आहे, आणि रविवारी घरी असते.

स्थळ: लुडविग्सहाफेन
दिनांक: ११ मे २०२५

(सही) ऊर्मिला गुरुदत्त टिपणीस

येथील कायद्याला साक्षीदार लागत नाहीत. आपल्याकडे लागतात, म्हणून:

(सही) मुक्ता देवस्थळी, शेजारीण. मृत्युपत्र माझ्यासमोर लिहिले गेले.
(सही) चारुलता ओगले, कार्ल्सरूहे, क्षितिजची मैत्रीण. मृत्युपत्र माझ्यासमोर लिहिले गेले, आणि चुंबक मी स्वतः लावून पाहिला आहे.