पुस्तकातल्या बाईची तेरवी

२२ जानेवारी १९३९, रविवार

चार वक्ते, आणि चौघांचेही रुमाल ओले! वाचनालयाने एका कादंबरीची पंचविशी साजरी केली. अध्यक्ष म्हणून मी तीन तास खुर्चीत बसलो. कादंबरीचे नाव येथे लिहीत नाही. आज ते इतक्या वेळा ऐकले की कान विटले.

पुस्तक वाईट नाही. सरकी-रुईच्या जिनमध्ये राबणाऱ्यांची एक वस्ती, तिच्यातले भांडण-लग्न-बाळंतपण, एका नळावरची बोलणी — हे सर्व नीट रचलेले आहे. शेवट मात्र ओढून आणलेला. चैत्रात रुईच्या ढिगाला आग लागते, तीत चंद्रभागा ही नायिका मरते, आणि तिच्या प्रेताचे पुढे काय झाले ते न सांगता लेखक मोकळा होतो. ह्या दोषाची चर्चा व्हावी एवढीच माझी अपेक्षा होती.

झाले काय? मारोतराव वकील म्हणाले, "केवढे हे जिवंत चित्रण!" का जिवंत, ते नाही. न्यायशास्त्राच्या भाषेत, प्रतिज्ञा म्हणजे विधान आहे, हेतू म्हणजे कारण नाही! कोर्टात हा मनुष्य असाच बोलत असेल तर अशिलांची कीव येते. जिनचे मालक नानाजी शेठ तर उठतानाच रडत उठले. "चंद्रभागा माझ्या काळजात घर करून बसली आहे हो!" टाळ्या. सभागृहात जिनमधला एकही मनुष्य नव्हता.

२३ जानेवारी

मारोतरावांनी सभेचा वृत्तान्त नागपूरच्या पत्राकडे धाडला. त्यात माझे भाषण "विद्वत्तापूर्ण" झाले आहे. म्हणजे कोणी ऐकले नाही.

२५ जानेवारी, बुधवार

दुपारी अंगणात जिनच्या पाच-सहा बाया येऊन उभ्या राहिल्या. पुढे सोजरबाई. जिनच्या लायनीत, म्हणजे कामगारांच्या खोल्यांच्या रांगेत, तिचा शब्द चालतो म्हणतात. केसांत, भुवयांवर रुईचे तंतू.

"महाराज, एक तेरवी घालाची हाये. दिवस काढून द्या."

"कोणाची?"

बाया एकमेकींकडे पाहू लागल्या. मग सोजरबाई म्हणाली, "चंद्रभागेची."

"कोण चंद्रभागा?"

"पुस्तकातली! सैफुद्दीनभाई वाचून दाखवते ना आमाले."

सैफुद्दीन हा आमच्या वाचनालयाचा पुस्तकबांधणी करणारा. स्वतःच्या नावावर पुस्तक नेतो आणि संध्याकाळी लायनीत मोठ्याने वाचतो, हे मला ठाऊक होते. ऐकणाऱ्यांच्या बुद्धीचे असे वाटोळे होत असेल हे ठाऊक नव्हते.

मी शांतपणे सांगितले की चंद्रभागा ही कल्पना आहे. वांझेचा मुलगा जसा नसतो, तशी ती नाही. जी जन्मली नाही, ती मरत नाही. जी मेली नाही, तिचे तेराव्या दिवसाचे उत्तरकार्य नाही.

"जल्मली नाई तं मंग मेली कशी, महाराज? मेली हे तं तुमचंच पुस्तक म्हनते."

मागच्या बाया पदराआड हसल्या. मला हसू आले नाही.

"तुमी फकत दिवस सांगा. अवसेच्या आदल्या दिशी गेली ते."

हे ऐकून माझा तोल गेला. पुस्तकात ती चैत्रात मरते! अमावास्येचा तेथे उल्लेखसुद्धा नाही. मी तसे म्हणालो, तर एक पोरसवदा बाई म्हणाली, "पट्ट्यात पदर गेला तिचा." पट्ट्यात? आगीत! दुसरी म्हणाली, "तिले ज्वारीच्या कन्या अन् अंबाडीची भाजी लय आवडे. थेच रांधू." अंबाडीचे एक पानसुद्धा त्या पुस्तकात नाही! सभेतले विद्वान न वाचता रडतात, आणि ह्या न ऐकता तेरवी घालतात.

"आधी नीट ऐकायला शिका," असे म्हणून मी दार लावून घेतले.

सोजरबाईचा आवाज आत आला. "चला वं. म्हाताऱ्याले भूक लागली असन."

२६ जानेवारी

राग उतरलेला नाही. कल्पितावर रडणे हा रसाचा भाग आहे, तो मी समजू शकतो. कल्पिताला पिंड देणे हे मात्र बुद्धीचे दिवाळे होय. सैफुद्दीनला निरोप धाडला: पुस्तक तत्काळ परत करावे.

२९ जानेवारी, रविवार

नानाजी शेठ आणि मारोतराव सकाळीच आले. लायनीतल्या बायांनी मंगळवारची सुटी मागितली आहे. तेरवीसाठी!

"मंगळवारी जी येणार नाही, तिला कामावरूनही काढीन आणि खोलीतूनही," शेठ म्हणाले. "पण उगाच बोभाटा नको. तुम्ही फाटकावर या आणि शास्त्रात असे नाही एवढे सांगा. माझा शब्द मालकाचा, तुमचा शास्त्राचा."

मी विचारले, "गेल्या रविवारी आपण त्याच चंद्रभागेसाठी भर सभेत रडलात. ती खरी असेल तर ह्यांची तेरवी योग्य. ती खोटी असेल तर आपले रडणे खोटे. ह्यांपैकी आपण काय मान्य करता?"

शेठ मनापासून चकित झाले. "अहो शास्त्रीबुवा, ते साहित्य होते!"

मारोतरावांनी मान डोलावली. दोघांना घराबाहेर काढावे असे वाटले. काढले नाही. शेठ बोलतात म्हणून खरे असेल ते खोटे ठरत नाही. मेलेली नाही तिची तेरवी नाही, हे माझेच मत आहे आणि ते निर्दोष आहे. विरोधकाच्या सोयीचे असले म्हणून सत्य बोलायचे टाळणे हा भित्रेपणा. उद्या जाईन.

जाताना शेठ एक वाक्य दोनदा बोलले. "अशी बाई नव्हतीच, एवढेच ठासून सांगा."

३० जानेवारी, सोमवार

सांगितले. भोंगा होण्यापूर्वी, फाटकावर, सर्वांसमक्ष. सोप्या भाषेत आणि स्पष्ट आवाजात. "जिच्यासाठी तुम्ही रोजी बुडवणार, ती स्त्री ह्या जगात जन्मलीच नाही. म्हणून ती मेली नाही. म्हणून तेरवी नाही." एवढी बिनचूक मांडणी गेल्या कित्येक वर्षांत माझ्या तोंडून झाली नसेल.

वाद होईल अशी अपेक्षा होती. उत्तरे तयार होती. कोणीच वाद घातला नाही. त्या पोरसवदा बाईने तोंडात पदर कोंबला. सोजरबाई एवढेच म्हणाली,

"बराबर हाये, महाराज. शेठनंबी असंच सांगतलं आमाले. अशी कोनी बाई नोतीच म्हने."

"मग का हट्ट करता?"

"आता नाई करत."

शेठनी घाईघाईने मला टांग्यात बसवले. मी जिंकलो आहे. जिंकल्यानंतरची ही चीड कशाची, ते ठरवता येत नाही.

३१ जानेवारी, मंगळवार

सैफुद्दीन पुस्तक घेऊन आला. पाठीची शिवण नवी करून आणली होती, म्हणून उशीर झाला म्हणाला. मी त्याला सुनावले: वाचताना पदरचे घालतोस, नाहीतर त्या बाया पट्टा आणि अंबाडी कोठून आणतात?

"तौबा, पंडितजी! जसं छापेल हाये तसंच वाचतो."

"मग चंद्रभागेचे मरण त्यांनी असे कसे ऐकले?"

"मरनाचं मी वाचलंच नाई अजून. आगीच्या आधीच थांबलो. तवापासून बाया बसल्याच नाईत ऐकाले."

"तवा म्हणजे केव्हा?"

"त्या जुमेरातपासून, म्हणजे गुरुवारपासून. अवसेच्या आदल्या दिवसापासून."

पुढचे विचारले, तर "सोजरबाईले पुसा," म्हणाला आणि पायऱ्या उतरून गेला.

मी पुस्तक हातात घेऊन बसलो. मरणाचे प्रकरण त्यांनी ऐकलेले नाही. तरी मरण त्यांना ठाऊक आहे. तिथी ठाऊक आहे, कारण ठाऊक आहे, मरणारीला काय आवडे तेही ठाऊक आहे. पुस्तकातून न आलेले ज्ञान पुस्तकाबाहेरूनच येते. हे अनुमान काढायला माझ्या लहानपणी गुरुजींनी एक घटकासुद्धा दिली नसती. मला आठवडा लागला!

काठी घेऊन लायनीकडे निघालो. आज सोजरबाई एकटीच कामावर गेली नव्हती. तिची भांडी आणि वाकळ खोलीबाहेर मातीत पडलेली होती. तीन दगडांच्या चुलीवर कण्या शिजत होत्या.

"बसा, महाराज," ती म्हणाली. "आता बाहीर काढलंच हाये, तं नाव घ्याले भेव कायचं?"

१ फेब्रुवारी, पहाटे

तुळसाबाई, केनवडची. पौष वद्य चतुर्दशीला जिनच्या यंत्राच्या पट्ट्यात तिचा पदर गेला. शेठनी प्रेत गाडीत घालून कोठे धाडले ते लायनीत कोणाला ठाऊक नाही. अशी बाई कामाला नव्हतीच, असे शेठ म्हणाले. नाव घेईल तिने खोली खाली करावी, असे बजावले. म्हणून त्यांनी पुस्तकातले नाव उसने घेतले. तीन दिवसांनी शेठ सभेत रडले, आणि मी अध्यक्ष होतो.

आज भोंग्याआधी फाटकावर उभा राहतो. त्याच जागी, त्याच आवाजात. प्रतिज्ञा: ती जन्मली होती.