पिवळा पाळणा

शनिवार, १२ डिसेंबर १९८१. संध्याकाळी पाच वाजून वीस मिनिटे

नेमकी हीच वेळ. वर्ध्याच्या आनंदमेळ्यात, आकाशपाळण्यापाशी, माझ्या बहिणीला रांगेतून बाहेर काढलं! मंदा कुबड्यांवर उभी होती, पुढे दोनच माणसं उरली होती. बिल्ला लावलेला स्वयंसेवक म्हणाला, "अपंगाईची रांग मांगं हाये."

मोठा फलकच लावलाय — अपंग वर्षानिमित्त अपंग बंधुभगिनींसाठी स्वतंत्र रांग. बघते तर डिझेल इंजिनाच्या धुरात बांबूंना दोरी बांधलेली, आणि तिथल्या लोकांना घेणार सर्वांत शेवटी. का? तर त्यांना बसवायला चाक पूर्ण थांबवावं लागतं, वेळ मोडतो!

दिवे मालवले तरी मंदाचा नंबर आला नाही. लहानपणी पोलिओने पाय गेले तेव्हापासून तिला एकदा उंचावरून वर्धा पाहायची आहे. घरी येताना म्हणाली, "जाऊ दे ताई, धूर तं फुकट भेटला."

मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये जन्मभर लोकांना ट्रंक कॉलसाठी ताटकळत ठेवलं. पण ज्याचा नंबर आधी, त्याला लाइन आधी — पांगळा असो की कलेक्टर!

रविवार, १३ डिसेंबर

मेळा समितीच्या अध्यक्षांना, मधुकररावांना, दुकानात गाठलं. कापसाच्या गाड्या दारात अडलेल्या, साहेब गादीवर लोडाला टेकून. आधी मराठीत सुनावलं. मग शाळेत मिशनच्या नन बायांनी शिकवलेल्या इंग्रजीत. इंग्रजीने लोड सुटला, ताठ बसले! "मॅडम, तुमचं म्हणणं रास्त आहे. एक मिनिटसुद्धा थांबावं लागणार नाही अशी सोय करतो."

जिरवली!

मंगळवार, १५ डिसेंबर

मेळ्यातून निरोप — सोय झाली, उद्या या.

बुधवार, १६ डिसेंबर

गेलो. दोरी गेली होती. अपंगांना थेट पुढे घेत होते. एक पाळणा पिवळा रंगवून त्यांच्यासाठी राखून ठेवलेला. चाक चालवणाऱ्या तानबाने मंदाला उचललं, बसवलं, कुबड्या काढून घेतल्या. डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच पाळणा वर!

मग माझं लक्ष गेलं. बाकी प्रत्येक पाळण्याला पुढे आडवी दांडी. पिवळ्याला नाही.

"दांडी कुठे आहे?"

"तेच तं आड येऊन राह्यली होती बाई. कापून टाकली. आता कसं, पटकन बसते मानूस!"

बाकीचे लोक पाय फळीला रोवून बसतात. मंदाने काय रोवायचं? मी खाली उभी. पाळणा वरून खाली झुकला की तिचं अंग पुढे सरकायचं, मग मागे. पुन्हा पुढे. मी तोंडाने एक शब्द काढला नाही — घाबरून हात सोडला तर?

उतरली तेव्हा हसत होती. "ताई, सारी वर्धा पाह्यली मी!" घरी तिचे तळवे पाहिले. बाजूची सळई इतकी घट्ट धरली होती की कातडी सोलून निघालीय.

गुरुवार, १७ डिसेंबर

पुन्हा मधुकरराव. दांडी जोडा, तोवर पिवळा पाळणा थांबवा म्हटलं. "कमाल आहे मॅडम! तेव्हा म्हणालात थांबावं लागतं, आता म्हणता थांबवा!" रविवारी पाहुणे येणार, जिल्ह्यातले अपंग गाड्या करून येणार. एकामागून एक पिवळ्या पाळण्यात बसवायचे, फोटो काढायचे. दांडी जोडली तर चढवायला वेळ लागतो आणि पाहुण्यांना वेळ नाही.

पाळणा सुरक्षित आहे असं लेखी द्या म्हटलं. हसले. "आपसात लेखी कशाले? घरातलंच काम समजा."

शुक्रवार, १८ डिसेंबर

मंदा भडकली. "काऊन मांगं लागली त्याईच्या? जन्मात पह्यल्यांदा कोनी आमाले समोर घेतलं. तुले तेही पाह्यवत नाई?"

मी म्हटलं, पडलीस म्हणजे?

"पडीन तं वरून पडीन. धुरात उभं राहून तं नाई मराची."



शनिवार, १९ डिसेंबर

आज व्हायचं तेच व्हायला आलं होतं. कारंजाचा चंद्रभान — जिनिंगच्या मशीनमध्ये उजवा हात गेलेला. पाळणा खाली येताना तो अर्धा बाहेर आला. तानबाने धावत जाऊन त्याला छातीने आत रेटलं. रांगेतल्या लोकांनी टाळ्या पिटल्या. त्यांना वाटलं, खेळच आहे!

तानबा घामाने निथळत होता. हळूच म्हणाला, "मले भेव लागते बाई. उद्या तं लहान लेकरंही हायेत. पन मी नाई म्हनलं तं दुसऱ्याले उभं करतीन."

वेल्डिंगवाल्याकडे गेले. दांडी जोडणं अर्ध्या तासाचं काम आहे म्हणतो. पण समितीचा शब्द हवा.

पोलीस चौकीत हवालदार म्हणाला, "पडलं कोणी? नाही ना? मग तक्रार कशाची लिहू?"

रविवार, २० डिसेंबर. दुपारी पावणेचार

हे पिवळ्या पाळण्यात बसून लिहिते आहे. तानबाने हात देऊन बसवलं, तोवर मी काय करते आहे हे त्याच्या लक्षात आलं नव्हतं. मी उतरत नाही, आणि मी आत असताना त्याने चाक हलवलं नाही. समोर रांग वाढते आहे. काठ्या, कुबड्या, आयांच्या कडेवरची मुलं. "ओ बाई, उतरा! किती थांबाचं आमी?" सगळ्यांत पुढे मंदा. ती ओरडत नाही. माझ्याकडे बघतसुद्धा नाही.

मधुकररावांचा निरोप आला — पाहुणे पाच वाजता येतील, तेव्हा चाक फिरेल. आत कोणी असो वा नसो. तानबाला बाजूला करून तिथे दुसरा माणूस उभा केलाय. त्याचा हात चाक सुरू करायच्या दांड्यावर आहे.

तानबाच्या हाती उलट चिठ्ठी पाठवली: पिवळ्या पाळण्याची दांडी केव्हा जोडणार, हे आज पाच वाजण्याच्या आत मला लेखी, सहीनिशी कळवावे. तोंडी निरोप चालणार नाही.