करमटोल्याला परत आलेला संदेश

१२ मार्च १९८४, करमटोला

पोचलो एकदाचा! आरमोरीहून कंपनीच्या बांबूच्या ट्रकात सात तास हाडं खिळखिळी करून घेतली. पण नोकरी पक्की, खोली स्वतंत्र आणि कॅम्पवर बायनाबाईंच्या हातचं गरम जेवण. आईला पत्रात लिहायला एवढं पुष्कळ आहे. मुकादम लटारूभाऊंनी सामान उतरवून घेतलं आणि वायरलेसवाला आला म्हणून मजुरांना चहा पाजला.

खोलीत सेट, बॅटरी, नोंदवही आणि भिंतीवर पाटी. कुठला संदेश कुठल्या मार्गानं द्यायचा, ते पाटीवर. आरमोरीत डॉक्टर आणि जीप. नाल्यापलीकडे बोदलगुडा, आमच्यासारखाच दुसरा कॅम्प. आरमोरीचा आवाज इथे खरखरतो, बोदलगुड्याचा खणखणीत. म्हणून पहिल्याच दिवशी पाटी पुसली आणि लिहिलं, 'आरमोरी : बोदलगुडामार्गे'. नवी सून फडताळ लावते, तसा माझा उत्साह.

१४ मार्च

बोदलगुड्याचा ऑपरेटर खुशाल गप्पिष्ट आहे. त्यालाही आरमोरी नीट ऐकू येत नाही, म्हणून त्यानं स्वतःची काहीतरी सोय केली आहे म्हणे. कसली, ते मी विचारलं नाही.

आमच्या धंद्याची रीत साधी. आलेला संदेश लिहून घ्यायचा, शेपटाला आपल्या ठाण्याचं अक्षर जोडायचं, पुढे द्यायचा. मजकुरात डोकं घालायचं नाही. नागपूरचे आमचे गुरुजी म्हणत, हात चालला पाहिजे, मन नको. माझा हात असा चालतो की काल पंधरा संदेश घेतले, त्यातला एकही आठवत नाही.

चैतू म्हणून बांबू तोडणारा मजूर आहे. त्याची बायको सोमारी पहाटे मोहफुलं वेचते. आज ओंजळभर मला देऊन गेली.

१७ मार्च

सकाळी मोहाखाली अस्वलानं चैतूला धरलं. चार माणसांनी उचलून आणला. कपाळापासून हनुवटीपर्यंत चामडी सोललेली, एक डोळा गालावर लोंबत होता आणि तो स्वतःच्या हातानं जागेवर बसवू पाहत होता. मी आत धावलो. मग सेटवर बसलो. 'अस्वलाचा हल्ला. एक जखमी. डॉक्टर, जीप ताबडतोब. — क'. खुशालनं मिळाल्याचं सांगितलं, पुढे पाठवतो म्हणाला. सात वाजले होते.

दिवसभर मी कामात होतो. बोदलगुड्याहून आरमोरीसाठी तातडीचे संदेश येत राहिले, मी लिहून घेत राहिलो, पुढे देत राहिलो. जीप आली नाही. सोमारी जखमेवरच्या माश्या हाकत बसली होती. चार वाजता चैतू गेला.

लटारूभाऊ दारात उभे राहिले. रागावले नव्हते. एवढंच म्हणाले, "बाबू, तू वाचून राह्यला का नुसता लिवून राह्यला?"

मग मी नोंदवही वाचली. तातडीचे सगळे संदेश एकच होते. माझाच. शेपटाला क बो क बो क बो क बो. खुशालला विचारलं, तर त्यानं आपल्या पाटीवर लिहून ठेवलं होतं, 'आरमोरी : करमटोलामार्गे'. सकाळपासून आम्ही दोघे शहाणे एकमेकांच्या हातात तो कागद देत बसलो होतो. चैतूला अस्वलानं फाडलं, पण मारलं मी.

आणखी एक गोष्ट. दोन वाजताच्या नोंदीत 'एक जखमी' नाही, 'एक मेला' आहे. अक्षर माझं. दोन वाजता चैतू पाणी मागत होता.

१८ मार्च

माझी पाटी पुसली, खुशाललाही त्याची पुसायला लावली. घसा फोडून आरमोरीला थेट पकडलं. जीप निघते म्हणाले.

दहा वाजता बोदलगुड्याहून तोच संदेश. शेपूट आणखी लांब. 'दोन मेले.' मी तो वाचण्याआधी हातानं पुढे देऊनही टाकला होता. खुशालला शिव्या घातल्या. तो आईची शपथ घेऊन म्हणाला की आज त्यानं सेटला हात लावलेला नाही.

अकरा वाजता सोमारी सापडली. मोहाखाली राहिलेली नवऱ्याची टोपली आणायला गेली होती. चेहरा उरला नव्हता, हिरव्या बांगड्यांवरून ओळखली. तिनं दिलेली ओंजळ अजून माझ्या खिडकीत आहे.

१९ मार्च

जीप नाही. मजूर पळाले. आम्ही तिघेच — लटारूभाऊ, बायनाबाई, मी.

सकाळी 'तीन मेले'. आणि बोदलगुडा गप्प. लटारूभाऊ कुऱ्हाड घेऊन गेले, दुपारी परतले. खुशाल सेटवरच पडला होता. जबडा नव्हता. कानाला यंत्र तसंच. अस्वल आत शिरून माणूस मारत नाही, असं ते तीनदा म्हणाले.

कळलं मला. आकडा वाढतो तो मी पुढे दिल्यावर. संदेश ज्याच्यापाशी थांबेल त्याच्यापाशी हे संपेल. मी थांबवणार. ही दोन माणसं तरी वाचवणार.

२० मार्च

बॅटरी काढली. तारा तोडल्या. नोंदवही चुलीत.

तरी कानात येतोय. बोदलगुड्याहून. तिथे कोणी —

हात पाठीशी बांधून घ्यायला हवा. लटारूभाऊंना सांगितलं. दोर आणायला गेले. बायनाबाई नाल्यावर पाण्याला —

नाल्याकडून ओरडणं. एकदाच.

नोंदवही नाही तर मी कशावर — ही रोजनिशी. हीच. पेन्सिल खाली ठेवतोय, ठेवतोय, ठेव

लटारूभाऊ दोर घेऊन दारात आलेत. त्यांच्या मागे

अस्वलाचा हल्ला. पाच मेले. डॉक्टर, जीप ताबडतोब. — क बो क बो क बो क बो क बो क बो क